पाहू मंग

सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये मी माल पास करते.
फणीवर बोट फिरवलं की कळतं,
ही समुद्र सोसेल की वाटेतच पिवळी पडेल.
मार्चात बढती मिळाली, तिच्या मागोमाग
गुरुवारची दुपारी अडीचची मीटिंग आली,
पडद्यावर दुबईचे मिस्टर फर्नांडो.

पहिल्याच गुरुवारी ते म्हणाले,
लेट्स कॉल ऑफ ट्यूसडेज कंटेनर.
कॉल मला येत होतं. ट्यूसडे येत होतं.
मधलं ऑफ मी सोडून दिलं, बारीक होतं म्हणून.
मंगळवारी आठवणीनं फोन लावला, चार वेळा.
तोवर पंधराशे चाळीस खोकी
भरून फाटकाशी उभी, थंड करणारं यंत्र घुरघुरत,
बाहेर त्रेचाळीस डिग्री.
माल इंदूरला गेला, निम्म्या भावानं.
शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणून आता संध्याकाळी फैजपूर,
खताच्या दुकानावरची खोली.
शिकवणारी रुक्साना तडवी, पालची,
माझ्या लेकीहून दोनच वर्षांनी मोठी.
फळ्यावर लिहिते पुट.
मग त्याला ऑफ लावते, डाऊन लावते, अप विथ लावते.
पुट ऑफ, पुढं ढकलणं.
पुट डाऊन, लिहून ठेवणं,
नाहीतर एखाद्याला चारचौघांत कमी लेखणं.
पुट अप विथ, सोसणं.
सोसायला यांना तीन शब्द लागतात, मी वहीत टिपलं,
आमच्याकडे एकच, आणि तोही कोणी उच्चारत नाही.

घरी कळण्याची भाकरी थापताना घोकते,
रन आऊट ऑफ, रन आऊट ऑफ.
नवरा टीव्हीसमोरून विचारतो, कोण आऊट?
पीठ, मी म्हणते. पीठ आऊट.

एकदा वैतागून मी विचारलं,
शब्द तोच, शेपूट बदललं
की अर्थ गाव सोडून जातो,
याला काही नियम?
रुक्सानानं खडू खाली ठेवला.
म्हणाली, ताई,
करून टाकलं. करून ठेवलं. करून पाहिलं. करून बसले.
तुम्ही सांगा नियम.

जिना उतरले, ते डोक्यातून उतरेना.
सावद्याचा रस्ता, दोन्हीकडे केळी, स्कूटीचा पिवळट उजेड.
एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न करून टाकलं.
पुस्तकं ट्रंकेत ठेवून दिली.
बारावीचे मार्क एकदा सासरी सांगून बसले.
नोकरी करून पाहते म्हटलं,
सोळा वर्षं झाली, पाहतेच आहे.
केवढं मोठं आयुष्य
असल्या टाकलं-बसलंच्या बारक्या पिलांवर उभं.
पील वाढू दिलं तर घड बारीक राहतो,
सगळीच कापली तर पुढल्या साली बाग नाही.
हे मला कोणी शिकवलं नव्हतं, कोयता धरला की हाताला कळतं.

या गुरुवारी फर्नांडो म्हणाले,
वी हॅव टू ब्रिंग डाऊन द रेट.
ब्रिंग येत होतं. डाऊनही आता येत होतं.
शेठ माझ्या तोंडाकडे पाहू लागले.
मी पाण्याचा घोट घेतला, पेनाचं टोपण लावलं,
म्हटलं, आय विल गेट बॅक टू यू.

पलीकडे कोणी बोलेना.
फर्नांडोंनी मान खाली घातली,
कागद चाळल्याचा आवाज आला.
त्यांचीही एखादी वही असेल.

बाहेर हौदाशी सुपडू, कोपरापर्यंत तुरटीच्या पाण्यात.
काय म्हने तो, ताई?
पाहू मंग, मी म्हटलं.
एवढ्यात त्याला सगळं कळलं.
हात पुसून त्यानं एक खोकं अर्धं दुमडलं होतं,
ते तसंच ठेवून दिलं.